मेंढीकोटमधील वादाचे प्रसंग आणि नियमांचा अर्थ

मेंढीकोट हा महाराष्ट्रात घरोघरी खेळला जाणारा, हात करण्याच्या प्रकारातील पत्त्यांचा खेळ आहे. चार खेळाडू, दोन जोड्या, ५२ पाने आणि चार दश्श्या एवढ्यावर तो उभा आहे. गुजरातेत हाच खेळ मिंडी या नावाने ओळखला जातो. त्याचे नियम थोडे असून लहान मुलेही ते एका दुपारी शिकतात. तथापि हे नियम कोणा एका संस्थेने लिहून ठरविलेले नाहीत. ते तोंडी परंपरेने चालत आले आहेत आणि गावागावांत, कित्येकदा एकाच गावातील दोन घरांत, वेगळे आहेत. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे खेळ शिकलेला मनुष्य आणि कोकणात खेळ शिकलेला मनुष्य आगगाडीच्या प्रवासात समोरासमोर बसले, तर पाने तीच असूनही पहिल्या दोन डावांतच त्यांच्यात मतभेद होण्याचा संभव असतो. दोन नियम एकाच हातावर एकाच वेळी लागू पडले म्हणजे कोणता प्रबळ मानावा, हा या मतभेदांचा गाभा होय. प्रस्तुत लेखात असे प्रसंग, त्यांवरचे प्रचलित अर्थ आणि प्रत्येक अर्थाचा परिणाम दिला आहे.

मूळ नियम

समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असतात. पाने पिसून प्रत्येकी प्रथम पाच व नंतर चार-चार अशी तेरा वाटली जातात. वाटप व खेळ बहुधा उजव्या हाताकडे सरकतो. एक्का सर्वांत मोठा, त्याखाली राजा, राणी, गुलाम, दश्शी असा क्रम दुर्रीपर्यंत उतरतो. ज्या रंगाची उतारी झाली असेल त्या रंगाचे पान हाती असल्यास ते देणे बंधनकारक असते. नसल्यास कोणतेही पान टाकता येते. उतारीच्या रंगातील सर्वांत मोठे पान हात घेते, मात्र हुकूम पडला असल्यास हुकमाचे सर्वांत मोठे पान घेते. हात घेणारा पुढची उतारी करतो.

दश्शीलाच या खेळात मेंढी म्हणतात. तीन मेंढ्या घेणारी जोडी डाव जिंकते. मेंढ्या दोन-दोन झाल्या तर सात किंवा अधिक हात करणारी जोडी जिंकते. एकूण हात तेरा, म्हणजे विषम असल्याने बरोबरी शक्यच नसते. चारही मेंढ्या एका जोडीने घेतल्यास ‘मेंढीकोट’ झाला असे म्हणतात, आणि तेराही हात एका जोडीने केल्यास बावन्न पानांचा कोट होतो. तेरा हातांत चार मेंढ्या येतातच, म्हणून बावन्न पानांच्या कोटात साधा मेंढीकोट आणखी वेगळा मोजण्याची रीत तर्काला धरून नाही. मोठ्या संख्येत लहान संख्या सामावलेलीच असते.

उत्तर भारतातील ‘दहला पकड’ हा मेंढीकोटचा जवळचा नातेवाईक आहे. त्यातही दश्श्याच गोळा करायच्या असतात. परंतु त्यात हात मध्ये साठत जातात आणि एका खेळाडूने लागोपाठ दोन हात केल्यावरच साठलेली सर्व पाने त्याची होतात. मेंढीकोटमध्ये मात्र हात पूर्ण होताच त्यातील मेंढीची मालकी ठरते. तिकडच्या सवयीचा पाहुणा खेळायला बसला तर हा भेद आधी सांगून टाकणे बरे.

सामान्य नियम आणि अपवाद

व्याकरण शिकलेल्या वाचकांना उत्सर्ग आणि अपवाद हे शब्द परिचित असतील. उत्सर्ग म्हणजे सर्वत्र लागू होणारा सामान्य नियम. अपवाद म्हणजे त्याच्या क्षेत्रातील काही भाग काढून घेणारा विशेष नियम. अपवाद आपल्या क्षेत्रात प्रबळ असतो, पण ते क्षेत्र ओलांडून पसरत नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तर समबळ नियमांचा एकाच ठिकाणी विरोध आला असता क्रमाने नंतर येणारा नियम लागू करावा, अशी स्वतंत्र तरतूद आहे. पत्त्यांच्या खेळाला हीच दृष्टी लावता येते.

मेंढीकोटमध्ये ‘उतारीचा रंग द्यावा’ आणि ‘उतारीच्या रंगातील मोठे पान हात घेते’ हे दोन उत्सर्ग आहेत. हुकूम हा दुसऱ्या नियमाचा अपवाद आहे, पहिल्याचा नव्हे. रंग हाती असताना हुकूम मारता येत नाही, याचे कारण हेच. खाली दिलेल्या बहुतेक वादांत ‘हा अपवाद नेमका कोणत्या क्षणापासून आणि कोणत्या पानापुरता?’ असे विचारले की उत्तराची दिशा सापडते.

कट हुकूम

या प्रकारात डावाच्या आरंभी हुकूम ठरलेला नसतो. उतारीचा रंग ज्याच्याकडे प्रथम संपतो, तो जे दुसऱ्या रंगाचे पान टाकतो, तो रंग त्या डावापुरता हुकूम होतो.

समजा, उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व या क्रमाने खेळ चालला असून उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम अशा जोड्या आहेत. उत्तरेने बदामची नव्वी उतरली. पश्चिमेकडे बदाम नाही. त्याने किलवरची तिर्री टाकली. किलवर हुकूम झाला. दक्षिणेने बदामचा एक्का दिला, तरी हात तिर्रीचाच. नवशिक्या खेळाडूस हे अन्यायाचे वाटते, कारण उत्तरेने उतारी केली तेव्हा तिर्री ही केवळ तिर्री होती. परंतु येथे नियम मागे जाऊन लागू झालेला नाही. पश्चिम हा रंग न देणारा पहिलाच खेळाडू आहे. म्हणजे त्याच्या आधी त्या हातात पडलेले प्रत्येक पान उतारीच्याच रंगाचे असले पाहिजे. त्यात किलवरचे पान असूच शकत नाही. म्हणून ‘आधी पडलेल्या हुकमाच्या पानाचे काय?’ हा प्रश्न कट हुकमात उद्भवतच नाही. पूर्ण झालेले आधीचे हात तर जसेच्या तसे राहतात. बंद हुकमात नेमके हेच बदलते, हे पुढे दिसेल.

कट हुकमातील खरा पेच भिडूला मेंढी देण्याच्या वेळी येतो. पूर्वेने बदामचा एक्का उतरला. उत्तरेने बदामची सत्ती दिली. पश्चिमेकडे बदाम नाही आणि भिडूचा एक्का तर हात घेणारच आहे. म्हणून त्याने आनंदाने इस्पिकची दश्शी टाकली. हेतू मेंढी सुरक्षित करण्याचा होता. पण रंग न देणारे ते पहिलेच पान असल्याने त्याच क्षणी इस्पिक हुकूम झाला, आणि हात आता एक्क्याचा न राहता दश्शीचा झाला. दक्षिणेकडेही बदाम नसेल आणि इस्पिकचा राजा असेल, तर ती मेंढी तो उचलून नेतो. हुकूम आधीच दुसरा एखादा ठरलेला असता तर हीच दश्शी एक्क्याच्या छायेत निर्धास्त राहिली असती. दक्षिणेकडे त्या हुकमाचे पान नसणे एवढेच पुरले असते.

पश्चिमेचा खेळाडू अशा वेळी म्हणतो, “मला हुकूम लावायचा नव्हता, मी नुसती मेंढी दिली.” हे म्हणणे ग्राह्य धरावे काय? बहुसंख्य ठिकाणी नाही. नियम पानाकडे पाहतो, टाकणाऱ्याच्या मनाकडे पाहत नाही. काही ठिकाणी मात्र रंग नसलेल्या खेळाडूस ‘हुकूम नाही’ असे आधी जाहीर करून साधे पान टाकण्याची मुभा असते. ती मुभा मान्य असलेल्या बैठकीतही शब्द पानाच्या आधी उच्चारला गेला पाहिजे. पान पडल्यानंतर, दक्षिणेचा राजा दिसल्यानंतर केलेले स्पष्टीकरण कोणत्याच रीतीत बसत नाही.

बंद हुकूम

बंद हुकमात वाटणाऱ्याच्या उजवीकडचा खेळाडू आपल्या पानांतून एक पान निवडून ते उपडे ठेवतो. त्या पानाचा रंग हा हुकूम. मात्र तो त्या खेळाडूखेरीज कोणासही ठाऊक नसतो. पुढे ज्याच्याकडे उतारीचा रंग नसेल तो आपल्या पाळीस हुकूम खोलण्याची मागणी करू शकतो. पान उलटले जाते, हुकूम सर्वांस कळतो आणि ते पान मूळ मालकाच्या हातात परत जाते. मेंढीकोटमधील कडाक्याची भांडणे बहुतांशी या प्रकारातली आहेत, कारण यात माहिती, मालकी आणि सामर्थ्य या तिन्ही गोष्टी एका उपड्या पानात बांधलेल्या असतात.

मागणी करणाऱ्याने हुकूम मारलाच पाहिजे काय?

एक रीत अशी की हुकूम खोलायला लावल्यावर त्या रंगाचे पान हाती असल्यास तेच टाकावे लागते. दुसऱ्या रीतीत तो वाटेल ते पान टाकू शकतो. पहिली रीत कठोर असली तरी सयुक्तिक आहे. हुकूम खोलणे म्हणजे तिघांपासून झाकलेली माहिती उघड करणे. ती फुकट मिळू लागली तर रंग संपलेला पहिला खेळाडू केवळ कुतूहलापोटी हुकूम खोलेल आणि झाकण्याला अर्थ उरणार नाही. हुकमाचे पान हाती नसेल तर मात्र कोणत्याच रीतीत त्यास दोष नाही. आपल्याकडे ते आहे की नाही हे पान उलटण्यापूर्वी त्याला कळणे शक्य नव्हते.

न मागता टाकलेले हुकमाचे पान

रंग नसलेल्या खेळाडूने मागणी न करता एखादे पान टाकले आणि ते योगायोगाने झाकलेल्या हुकमाच्याच रंगाचे निघाले, तर ते हात घेते काय? याचे उत्तर सर्वत्र जवळजवळ एकच आहे: घेत नाही. न खोललेला हुकूम हा अजून हुकूम नव्हे. झाकणाऱ्या खेळाडूने स्वतः असे पान टाकले तरी तेच. त्याला रंग माहीत आहे म्हणून त्याच्या पानास अधिक सामर्थ्य येत नाही.

अडचण तेव्हा येते, जेव्हा त्याच हातात पुढच्या खेळाडूने हुकूम खोलला. पुढील हात पाहावा. पूर्वेने इस्पिक झाकला आहे. इतर तिघांस तो ठाऊक नाही. चौकटची वरची पाने पूर्वीच्या हातांत निघून गेली आहेत, दश्शी अजून पडलेली नाही. उत्तरेने चौकटची नव्वी उतरली. पश्चिमेकडे चौकट नाही. त्याने हुकूम न मागता हातातील नको असलेली इस्पिकची सत्ती टाकली. दक्षिणेकडेही चौकट नाही, पण त्याने हुकूम खोलायला लावला. इस्पिक निघाला. दक्षिणेकडे इस्पिकचे एकच पान होते, पंजी. ती त्याने टाकली. पूर्वेकडे चौकटचे एकच पान उरले होते, दश्शी. रंग देणे भाग असल्याने तिला ती द्यावी लागली, आणि हातात मेंढी आली.

आता तीन उत्तरे संभवतात. हुकूम खुललाच नसता तर दश्शीने नव्वीला मारून हात पूर्वेने घेतला असता. हुकूम खुलल्यानंतर, हात पूर्ण झाल्यावर सर्व पाने एकत्र पाहून निर्णय करायचा असे मानले, तर इस्पिकची सत्ती पंजीपेक्षा मोठी. हात पश्चिमेचा, मेंढी पूर्व-पश्चिम जोडीची. पण हुकमाचे सामर्थ्य खुलल्या क्षणापासून पुढेच वाहते असे मानले, तर सत्ती ही पडतेवेळी साधे पान होती आणि साधेच राहते. हात पंजीचा, मेंढी उत्तर-दक्षिण जोडीची. पाने तीच आणि क्रमही तोच असताना एका शब्दाच्या अर्थाने मेंढी या बाजूची त्या बाजूला जाते. डावातील तिसरी मेंढी तीच असेल तर डावही जातो.

पहिल्या अर्थाच्या बाजूने एक गोष्ट आहे: तो लक्षात ठेवण्यास सोपा आहे. चार पाने मांडली, हुकूम माहीत आहे, सर्वांत मोठे हुकमाचे पान शोधले की काम झाले. दुसऱ्या अर्थास पाने कोणत्या क्रमाने पडली आणि खोलण्याची मागणी त्यांच्या मध्ये कोठे आली, हे स्मरणात ठेवावे लागते. तरीही तत्त्वतः दुसरा अर्थ अधिक टिकाऊ आहे. पश्चिमेला हुकूम मागण्याची संधी होती. ती त्याने घेतली नाही. मागितल्यावर येणारे बंधन त्याने टाळले, आणि तरी मागणाऱ्यास मिळणारे सामर्थ्य त्याच्या पानास द्यायचे, हे न्याय्य दिसत नाही. शिवाय न मागता टाकलेले पान हात घेत नाही हे एकदा मान्य केल्यावर, दुसऱ्याने नंतर केलेल्या मागणीमुळे तेच पान मागे जाऊन सामर्थ्यवान होते असे म्हणणे त्या मान्यतेशी विसंगत ठरते. तथापि पहिल्या अर्थाने खेळणारी घरे आहेत आणि तो अर्थ आधी ठरला असेल तर त्यात गैर काही नाही. दक्षिणेला तेव्हा सत्ती समोर दिसत असते आणि धोका पत्करायचा की नाही हे त्याचे त्याला ठरवता येते.

झाकलेले पान हातात धरावे की हाताबाहेर?

पूर्वेने इस्पिकचे पान झाकले आहे आणि त्याखेरीज तिच्या हातात इस्पिक उरलेला नाही. कोणीतरी इस्पिक उतरला. पूर्वेकडे रंग आहे की नाही?

झाकलेले पान हाताबाहेर मानले तर ‘नाही’. मग तिला हुकूम खोलण्याचा अधिकार मिळतो. तिने तो खोलला की पान हातात परत येते, आणि आता तिच्याकडे रंग आहे! रंग नाही म्हणून मागणी केली आणि मागणी पुरी होताच रंग आला, असे हे चक्र आहे. ते सोडविण्याचा मार्ग एकच: रंग देण्याचे बंधन मागणीच्या क्षणी न तपासता पान टाकण्याच्या क्षणी तपासावे. तसे केल्यास तिला तेच इस्पिकचे पान द्यावे लागते. मात्र तिने मागणीच केली नाही, तर या अर्थाने ती दुसऱ्या रंगाचे पान टाकून मोकळी होते, आणि पूर्वेकडे इस्पिक नाही असा समज इतरांनी करून घेतला तर त्याला इलाज नाही.

झाकलेले पान तिच्या तेरा पानांपैकीच एक मानले, तर तिला ते उलटून देणे भाग आहे. न दिल्यास तो रंगचोरीचा दोष होतो. हाच अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. पान झाकण्याचा हेतू त्याचा रंग लपविणे हा आहे, मालकी सोडणे हा नव्हे, आणि रंग देण्याच्या उत्सर्गाला या ठिकाणी कोणताही अपवाद कोणी सांगितलेला नाही. तेरा हात पुरे करायला ते पान शेवटी तिलाच टाकायचे असते, ही गोष्टही याच बाजूला वजन टाकते.

क्वचित असा डाव येतो की शेवटपर्यंत कोणी हुकूम मागतच नाही. तेराव्या हातास झाकणाऱ्याकडे उपडे पान तेवढे उरते. ते उतारीच्या रंगाचे नसेल तर ते उलटणे म्हणजेच हुकूम खोलून मारणे, असे बहुधा धरले जाते आणि बारा हात निद्रिस्त राहिलेला हुकूम शेवटच्या हातात जागा होतो.

रंग असून न देणे

हा दोष बहुधा फसवणुकीपेक्षा पाने नीट न लावल्याने घडतो. बदाम आणि चौकट दोन्ही लाल, किलवर आणि इस्पिक दोन्ही काळे. तो हात उचलला जाण्यापूर्वी ध्यानात आला तर चुकीचे पान परत घेऊन योग्य पान देण्याची सवलत बहुतेक ठिकाणी मिळते. नंतर उघडकीस आला तर दोष करणाऱ्या जोडीने डाव हरला असे धरण्याची रीत आहे. काही ठिकाणी प्रतिपक्षास मेंढीकोटच दिला जातो. ब्रिजच्या आंतरराष्ट्रीय नियमसंहितेत ही सीमारेषा नेमकी आखलेली आहे: दोष करणाऱ्या जोडीने पुढच्या हातात पान टाकले की चूक कायम होते, तोवर ती सुधारता येते. मेंढीकोट खेळणाऱ्यांनीही ही रेषा उसनी घेण्यास हरकत नाही.

हातात रंग असताना चुकून हुकूम खोलायला लावणे हा याचाच जोडप्रकार आहे. पान परत घेता येते, पण सर्वांनी पाहिलेला हुकूम पुन्हा झाकता येत नाही. अशा वेळी डाव मोडून नव्याने वाटणे हाच बरा उपाय.

डाव कधी संपला म्हणावा?

तीन मेंढ्या हाती येताच पाने टाकून देण्याची घाई नेहमी योग्य नसते. एका जोडीच्या तीन आणि दुसरीची एक अशी स्थिती झाली की डाव खरोखर संपतो. मेंढीकोटही शक्य नाही आणि बावन्न पानांचा कोटही नाही. परंतु तीन घेतल्या असून चौथी अजून हातांत असेल तर मेंढीकोट व्हायचा की नाही हे ठरायचे असते, म्हणून खेळ पुढे चालवावा लागतो. चारही घेतल्या आणि प्रतिपक्षाचा एकही हात झालेला नसेल तरीही तेच, कारण तेरा हातांची शक्यता जिवंत असते. मेंढ्या दोन-दोन असतील तर कोणाचा तरी सातवा हात होईपर्यंत थांबता येत नाही.

खेळाडू वाढले तर

सहा खेळाडू बसले तर चार दुर्र्या काढून ४८ पाने प्रत्येकी आठ अशी वाटली जातात. येथे चौघांच्या खेळाचा नियम जसाच्या तसा लावल्यास तो मोडतो. एकूण हात आठ, म्हणजे सम. मेंढ्या दोन-दोन आणि हात चार-चार अशी खरीखुरी बरोबरी होऊ शकते. सात हातांचा नियम तेरा या विषम संख्येवर उभा होता, हे चौघांच्या खेळात कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा वेळी शेवटचा हात घेणारी जोडी विजयी मानावी किंवा डाव रद्द करावा, हे आधी ठरवावे लागते. आठ खेळाडूंनी दोन जोड घेऊन खेळल्यास १०४ पानांचे पुन्हा तेराच हात होतात आणि ही अडचण राहत नाही. मात्र तेव्हा एकसारखी दोन पाने एकाच हातात पडू शकतात: दोन्ही इस्पिकचे एक्के पडले तर आधीचा मोठा की नंतरचा? दोन्ही रीती आहेत. मोठ्या पानानेच पान मारले जाते या उत्सर्गाप्रमाणे, समान पान मोठे नसल्याने, आधीचा एक्का टिकतो. ‘नंतरचे पान मारते’ असे खेळायचे असेल तर तो अपवाद म्हणून आधी बोलून ठेवावा लागतो.

संग्राह्य पत्तेखेळांतील व्यवस्था

पानांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न सर्वांत व्यापक रूपात संग्राह्य पत्तेखेळांत दिसतो. अमेरिकेत गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली प्रसिद्ध झाला, ‘पोकेमॉन’ व ‘यु-गि-ओ!’ हे जपानी खेळ त्यानंतरचे. या खेळांत प्रत्येक पानावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो आणि खेळाडू हजारो पानांतून निवड करून आपला जोड बनवितो. साहजिकच दोन पानांवरचे नियम एकमेकांस छेद देतात.

मॅजिकमध्ये त्यासाठी काही मूलभूत तत्त्वे लिहून ठेवली आहेत. पानावरील मजकूर आणि सामान्य नियम यांत विरोध असेल तर पान प्रबळ, म्हणजे अपवाद उत्सर्गाला बाधतो. एक पान एखादी कृती करू देते आणि दुसरे मना करते, तेव्हा मनाई प्रबळ. १९९९ पासून प्रतिक्रियांचा क्रमही ठरलेला आहे: ताटांच्या चवडीत शेवटी ठेवलेले ताट जसे आधी उचलले जाते, तसे शेवटी जाहीर झालेले पान आधी अमलात येते. ‘लाइटनिंग बोल्ट’ हे पान तीन एवढी इजा करते. ‘जायंट ग्रोथ’ हे पान एखाद्या प्राण्याचे बळ आणि सहनशक्ती त्या पाळीपुरती तीनने वाढविते. सहनशक्ती दोन असलेल्या प्राण्यावर प्रतिस्पर्ध्याने बोल्ट टाकला आणि उत्तरादाखल मालकाने ग्रोथ टाकले, तर ग्रोथ आधी अमलात येते, सहनशक्ती पाच होते आणि प्राणी तीन इजा सोसून वाचतो. उलट मालकाने ग्रोथ आधी टाकले आणि त्यास उत्तर म्हणून बोल्ट आला, तर बोल्ट आधी लागतो आणि वाढ होण्यापूर्वीच प्राणी मरतो. पहिल्या उदाहरणात पाळी संपताना वाढ ओसरते, तेव्हा प्राणी मरावयास हवा अशी शंका येते. परंतु इजा आणि वाढ दोन्ही एकाच क्षणी नाहीशी होतात असा नियम असल्याने तो मरत नाही. इस्पिकच्या सत्तीचा वाद आणि हा प्रसंग एकाच जातीचे आहेत. सामर्थ्य कोणत्या क्षणी आले आणि कोणत्या क्षणी गेले, हाच दोन्हीकडे प्रश्न. फरक इतकाच की मॅजिकची नियमसंहिता दोनशेहून अधिक पानांची असून स्पर्धांत ती लावण्यासाठी प्रशिक्षित पंच असतात.

घरचा नियम आणि मोबाइलवरील खेळ

मेंढीकोटला पंच नाही. ज्याच्या घरी डाव मांडला त्याच्या घरचा नियम, ही सर्वमान्य रीत आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जमलेल्या मुलांच्या बैठकीत शेवटचा शब्द बहुधा घरातील वडीलधाऱ्यांचा असतो. डाव वाटण्यापूर्वी तीन गोष्टी बोलून घेतल्या तर वर दिलेले बहुतेक प्रसंग वादाविना सुटतात: हुकूम कट की बंद, खोलणाऱ्याने हुकूम मारणे सक्तीचे की ऐच्छिक, आणि खुलण्यापूर्वी त्याच हातात पडलेले हुकमाचे पान मोजायचे की नाही. तिसरी गोष्ट सहसा कोणी विचारत नाही.

मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या मेंढीकोटमध्ये हुकमाचा प्रकार आरंभीच निवडावा लागतो, आणि रंग हाती असताना दुसरे पान टाकू दिलेच जात नाही. रंगचोरीचा दोष तेथे संपुष्टात आला आहे. झाकलेले पान हातात धरायचे की नाही आणि सत्ती मोठी की पंजी, हे मात्र आज्ञावली लिहिणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. खेळाडूला ते पडद्यावर हात दुसरीकडे सरकताना दिसते, तेव्हा कळते.